आठ हजर, एक गैरहजर

आरंभीच क्षमा मागतो. ज्यांनी सेवेत लिहिण्याजोगे काही केले अशांमध्ये माझी गणना होत नाही आणि होऊही नये. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. माझ्या बरोबरीचे काही जण तोवर मुख्याध्यापक होऊन गुडघेदुखीपर्यंत पोहोचले होते. भरती बंद असण्याची सगळी वर्षे मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काढली. तास मिळाला की शिकवायचे आणि न मिळाला की ग्रंथालयात बसून आपण प्राध्यापक आहोत असे स्वतःला पटवायचे, असा तो व्यवसाय होता. एम.ए., एम.एड. आणि पात्रता परीक्षा एवढे सगळे गाठीशी बांधून मी अखेर पहिलीच्या मुलांसमोर उभा राहिलो. तेव्हा त्यांच्यातल्या एकीने विचारले, “सर, तुमी कोनाचे आजोबा होय जी?”

अशा माणसाने दिवाळी अंकात लिहू नये हे मला समजते. परंतु संपादकांनी ‘नवशिक्षकांनी अनुभवी सहकाऱ्यांशी मतभेद कसे हाताळावेत’ हा विषय दिला आणि मार्गदर्शनपर लिहा असे सुचवले. मार्गदर्शन मला येत नाही. एक मतभेद मात्र मी हाताळलेला आहे. तो कसा हाताळला हे सांगतो. त्यातून कोणाला मार्गदर्शन झालेच, तर त्याची जबाबदारी माझी नाही.

या विषयावर आम्हाला रीतसर प्रशिक्षणही मिळाले होते. तालुक्याच्या ठिकाणी तीन दिवस आम्हा नवख्यांना सतरंजीवर बसवून सुलभकांनी फळ्यावर दोन वर्तुळे काढली. एकात ‘नवा’, दुसऱ्यात ‘अनुभवी’ आणि दोन्ही जिथे एकमेकांवर चढतात तिथे ‘संवाद’ असे लिहिले. मग दोघादोघांना उभे करून मतभेदाचा अभिनय करायला लावला. माझा जोडीदार अनुभवी झाला, मी नवाच राहिलो. तीन मिनिटांत आमचे मतभेद मिटले आणि टाळ्या पडल्या. त्या सभागृहात प्रत्यक्ष अनुभवी शिक्षक एकही नव्हता. ते अनुभवी असल्यामुळे त्यांना या प्रशिक्षणातून सूट होती.

बाहेरच्या वाचकासाठी शाळा थोडी समजावून सांगतो. आमची शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, पहिली ते चौथी आणि शिक्षक दोन. त्यांतला एक मुख्याध्यापक असतो आणि उरलेले सर्व काही दुसरा असतो. मी राहत असे त्या सावली गावाहून निघाले की धानाच्या बांध्या संपतात तिथे जंगल सुरू होते, आणि त्या सुरुवातीवरच आमचे गाव आहे. गावापासून दोन किलोमीटर आत, नाला ओलांडून, एक टोला आहे. टोला म्हणजे मूळ गावाला जोडलेली वेगळी वस्ती. तिथे गोंड कुटुंबे राहतात. त्या टोल्यावरून आठ मुले आमच्या शाळेत चालत येत.

मुख्याध्यापक बोरकुटे सर. त्यांची सेवा सव्वीस वर्षांची होती. हे मला पहिल्याच दिवशी कळले, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी ते तीनदा सांगितले. सव्वीस वर्षांत माणूस काय शिकतो याविषयी मला खरोखर कुतूहल होते, आणि सरांनी ते हातचे न राखता भागवले. अधिकाऱ्याची गाडी फाट्यावर वळली की चहाच्या टपरीवरून फोन यावा, अशी व्यवस्था त्यांनी बसवली होती. महिन्याची राहिलेली हजेरी ते एका बैठकीत पूर्ण करीत. त्यासाठी त्यांच्या खिशात चार पेन असत, दोन निळे आणि दोन काळे. “शाई बदलली का रोजची वाटते, सर. हे डी.एड.ले शिकवत नाई,” असे त्यांनी मला आपुलकीने सांगितले. नवख्याला ज्ञान देताना त्यांनी कधी कंजूषपणा केला नाही.

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर मला बरे झाले असते. ते कधीच चिडत नसत. मी काही बोललो की चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, “नवीन आहा ना सर. होते असं.” पहिलीची मुले आपसांत गोंडीत बोलतात, तर गोष्ट एकदा त्यांच्याच भाषेत सांगू द्यावी, असे मी सुचवले. नवीन आहा ना सर. चौथीच्या मुलीला वाचता येत नसताना तिच्या प्रगतिपत्रकावर ‘अ’ श्रेणी कशी, असे विचारले. होते असं. या उत्तराला प्रतिवाद नाही. मी वर्गावर जाई आणि सावलीला परतताना मोटारसायकलवर त्यांना अत्यंत समर्पक उत्तरे देई. त्या रस्त्यावरच्या सागाच्या झाडांनी माझे जे वक्तृत्व ऐकले आहे, ते कोणत्याही माणसाने ऐकलेले नाही.

मग मार्च आला आणि सकाळच्या शाळेचा आदेश आला. शाळा सातला भरणार. उन्हाच्या दृष्टीने आदेश योग्यच होता. फक्त तो काढणाऱ्याने मोहाचे झाड पाहिलेले नसावे. मार्चमध्ये मोहफूल पहाटे गळते. टोल्यावरची माणसे उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, वाकून, पाठ जंगलाकडे करून. त्याच वेळी वाघ नाल्यावरच्या पाण्याकडून परतत असतो. त्या वर्षी त्या नाल्यावर वाघीण होती आणि तिला पिल्ले होती. वनरक्षक दोनदा गावात येऊन सांगून गेला होता की सूर्य वर आल्याशिवाय कोणी एकटे जाऊ नका. सातच्या शाळेसाठी टोल्यावरच्या मुलांना सहाला निघावे लागे. आठ मुले, त्यांत सर्वांत मोठी नऊ वर्षांची, सर्वांत लहान रोशनी, सहा वर्षांची, माझ्या पहिलीत.

मी दोन दिवस वाक्य जुळवले आणि तिसऱ्या दिवशी बोललो. “सर, टोल्यावरच्या मुलांपुरती वेळ नऊची करता येईल का?”

बोरकुटे सर हजेरीवर रेघा आखत होते. “आदेश सातचा आहे.”

“पण नाल्यावर वाघीण आहे.”

“वाघीण तं आहेच. मी आलो तवापासून कोनती ना कोनती आहेच.” त्यांनी पट्टी उचलून पाहिली. “सर, उद्या मी नऊ लिहिलं आन साहेबानं विचारलं, तं वाघिणीची सही आनू का?”

इथे शहाण्या माणसाने दुसऱ्यांदा बोलायला हवे होते. मी अर्ज लिहिला. यात माझ्या घरच्या वळणाचा दोष आहे. वडील पंचायत समितीत शिपाई होते. तोंडचा शब्द कोणी जमेस धरत नाही, कागदावरचा धरावाच लागतो, अशी त्यांची श्रद्धा होती. दहावी झाल्यापासून आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांचे अर्ज मी विहाराच्या ओट्यावर बसून लिहिले, आणि त्यांतले बरेचसे मंजूरही झाले. तेव्हा केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावे मी तीन पानांचा अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, विनंती. भाषा निर्दोष होती. आणि नियमाप्रमाणे वर डाव्या कोपऱ्यात लिहिले: मुख्याध्यापकांमार्फत.

ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्याच हाती तो पुढे पाठवण्यासाठी देणे हे फक्त आमच्या खात्यातला माणूस करू शकतो, आणि तेही मान खाली घालून. बोरकुटे सरांनी तीनही पाने शांतपणे वाचली. “अक्षर चांगलं आहे तुमचं,” ते म्हणाले. मग खाली शेरा लिहिला: ‘सविनय सादर. सदर शिक्षक नवीन आहेत.’ त्यावर जावक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि केंद्रप्रमुखांकडे कोणी जाणारा मिळाला की द्यायचा म्हणून फाइलमध्ये लावून कपाट बंद केले. माझा आक्षेप आता कार्यालयीन प्रक्रियेत होता. मी समाधानाने घरी गेलो, हे लिहायला आज लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात मुले नाल्यापर्यंत आली आणि ओल्या वाळूत ताजे पंजे दिसले. एक मोठा आणि दोन लहान. मुलांनी दप्तरे तिथेच टाकली आणि टोल्याकडे पळाली. कोणाला काही झाले नाही. मोहाखालच्या माणसांनी आरडाओरडा करत जाऊन दप्तरे आणली. दुसऱ्या दिवसापासून टोल्यावरून एकही मूल शाळेत आले नाही.

मला वाटले, आता तरी सर वेळ बदलतील. त्यांनी काळा पेन काढला आणि आठही मुलांना हजर केले. तिसऱ्या दिवशी निळा काढला.

“सर, ही मुले आलेली नाहीत,” मी म्हणालो.

“मंग? वाघाच्या तोंडी द्यायची का?” ते म्हणाले. “तुमालेच काळजी होती ना जी. आता पोट्टे घरी हायेत, हजेरी पूर्ण आहे, वाघीण खूश आहे. नवीन आहा ना सर.”

त्यांच्या सव्वीस वर्षांचे सार मला त्या क्षणी समजले. प्रश्न सुटला होता. फक्त आठ मुलांचे शिक्षण बंद झाले होते, आणि तशी नोंद करण्याचा रकाना हजेरीत नसतो.

शनिवारी ऊन चढल्यावर मी टोल्यावर गेलो. रोशनीची आई कमलाबाई मोहफुले अंगणात वाळत घालत होती. मी आपली बाजू मांडली. आदेशाची अडचण, मी केलेला अर्ज, त्याची तीन पाने. तिने हात न थांबवता ऐकले.

“म्हंजे बोरकुटे सर लिहून राह्यले हजर, आन तुमी लिहून राह्यले अर्ज,” ती म्हणाली. “पोट्टीले कोन शिकवून राह्यलं?”

तिने माझ्या मोटारसायकलकडे पाहिले.

“सायेब, तुमची गाडी आहे. तुमी इथी आले ना आता? मंग रोज काऊन नाई येत?”

एम.एड.च्या अभ्यासक्रमात हा उपाय नव्हता. टोल्याच्या मधोमध पत्र्याचा एक सभामंडप आहे. लग्ने, बैठका, मोहफुलांची पोती, सर्व तिथेच. सोमवारपासून मी आठला थेट टोल्यावर जाऊ लागलो. आठ ते दहा मंडपात वर्ग घ्यायचा, मग शाळेत येऊन साडेअकरापर्यंत गावातली मुले घ्यायची, असा क्रम ठरवला. बोरकुटे सरांना मी आदल्या दिवशी सांगितले. लिहून दिले नाही, तोंडाने सांगितले, आणि माझा आवाज कापत होता.

“तुमची मर्जी,” ते म्हणाले. “मंग तीन तास चारही वर्ग माह्या डोक्यावर.” ही तक्रार खरी होती. “आन मस्टर सव्वासातले कपाटात जाते. नियम आहे.”

त्या मंडपातले दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले. रोशनीला शाळेत मी कधी बोलताना ऐकले नव्हते. इथे ती मला गोंडीत आकडे शिकवी आणि मी चुकलो की बाकीच्या सातांना साक्षीला बोलावी. दहाला निघताना कमलाबाई विचारी, “का सायेब, झाली का पोट्टी पास?” आणि रोशनी सांगे की सर नापास झाले. शाळेत पोहोचल्यावर मी शिक्षकांच्या सह्यांचे मस्टर कपाटातून टेबलावर घेऊन पाहत असे. माझ्या नावापुढे लाल शाईत ‘गैरहजर’. त्याच टेबलावर मुलांची हजेरी असे आणि तीत टोल्याची आठही मुले हजर असत. म्हणजे जी मुले शाळेत नव्हती ती कागदावर शाळेत होती, आणि जो त्यांना शिकवत होता तो कागदावर कुठेच नव्हता. असे नऊ दिवस गेले. लाल पेन सरांनी नवा आणला होता.

दहाव्या दिवशी गावच्या रस्त्यावर पुलाचे खोदकाम निघाले, म्हणून केंद्रप्रमुखांची मोटारसायकल टोल्याच्या बाजूने आली. चहाची टपरी त्या वाटेवर नाही. ते मंडपाजवळ थांबले, मुलांची पुस्तके पाहिली, रोशनीकडून एक ओळ वाचून घेतली आणि मला म्हणाले, “चला शाळेत.”

शाळेत त्यांनी दोन्ही नोंदवह्या शेजारी शेजारी उघडल्या. दोन बोटांनी दोन ओळी दाबून धरल्या.

“बोरकुटे सर, हे आठ हजर. कुठी आहेत?”

एखाद्याला चहा ओतायला लागतो तेवढाच वेळ सर थांबले. “टोल्यावर हजर आहेत ना जी. वाघिणीच्यानं वर्ग तिथीच भरवून राह्यलो.”

“मंग हे सर गैरहजर कसे?”

“ते तिथी हजर आहेत. इथी गैरहजर. मस्टर इथचं आहे.”

सव्वीस वर्षांचा अनुभव काय असतो हे मला विचारणाऱ्यांना मी हे वाक्य सांगतो. त्यात कुठेही फट नाही.

केंद्रप्रमुख हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “सर, स्पष्ट विचारतो. मुख्याध्यापकांचा हा उपक्रम असेल तर मी भेट नोंदवहीत शेरा देतो, उन्हाळाभर चालू द्या. तुम्ही आपल्या मनाने शाळा सोडून तिकडं जात असाल, तर मला उद्यापासून तो वर्ग बंद करावा लागेल आणि वर कळवावं लागेल. हे बोरकुटे सरांच्या सांगण्यावरून चाललं आहे का?”

बोरकुटे सर खिडकीबाहेर पाहत होते. माझा अर्ज त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होता. तो काढा, एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणालो, “हो.” माझा आवाज कापला नाही, ही त्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

नंतरचे थोडक्यात सांगतो. मंडपातल्या वर्गाचा फोटो शिक्षकांच्या समूहावर फिरला. फोटोत बोरकुटे सर मध्यभागी उभे आहेत. तेवढ्यासाठी ते टोल्यावर पहिल्यांदा आले. तालुक्याच्या सभेत त्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले. नवीन सहकाऱ्याला विश्वासात घेऊन उपक्रम कसा राबवावा, यावर ते वीस मिनिटे बोलले. सतरंजीवरून मीही टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षणातल्या सुलभकांना तो प्रसंग इतका आवडला की पुढच्या वर्षी त्यांनी वर्तुळांखाली त्याचे उदाहरण घातले, ‘संवादाचे फलित’ म्हणून. माझे नऊ दिवस मात्र गैरहजेरीचेच राहिले आणि सेवेत कायम होण्याची माझी तारीख तेवढी पुढे गेली. ते दुरुस्त करावे असे मी एकदा सरांना सुचवले होते. “खाडाखोड नको, सर. नोंदवही खराब होते,” ते म्हणाले. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझा उल्लेख ‘माझे आज्ञाधारक सहकारी’ असा केला. मी तो नाकारू शकत नाही.

वर्ग दर मार्चमध्ये टोल्यावर भरतो. रोशनी आता चौथीत आहे आणि तिला वाचता येते. माझ्या त्या ‘हो’ला लोक समंजसपणा म्हणतात. एक तडजोड, आठ मुले सुरक्षित, कोणाचा अपमान नाही, वर्ग चालू. हिशेब इतका चोख आहे की मीही दोन वर्षे त्यावर विसंबलो होतो. तो बिघडवला कमलाबाईने. सरांच्या निरोपानंतर तिने मंडपात विचारले, “सायेब, तो शालवाला कार्यक्रम तुमचा काऊन नाई झाला?” मी सर्व सांगितले. खरे बोललो असतो तर वर्ग बंद पडला असता, असेही सांगितले.

तिने मोहफुलांच्या पोत्याचे तोंड बांधले. मग म्हणाली, “सायेबानं पोट्टीले वाचतानी पाह्यलं होतं ना? त्याले खरं सांगतलं असतं, तं त्यानं समजून नसतं का घेतलं जी? तुमी इचारून तं पाह्यलं नाई.”

विचारून पाहिले नाही हे खरे आहे. बोरकुटे सरांना मी ज्या तुच्छतेने पाहतो, ती सगळी लेखभर मी जपून वापरली. त्या केंद्रप्रमुखाच्या बाबतीत मात्र मी तिचा उपयोग काहीही न तपासता केला. तो समजून घेणार नाही, असे मी त्याच्या पदावरून ठरवले. त्याने समजून घेतले असते, तर वर्गही राहिला असता आणि हजेरीही खरी झाली असती. घेतले नसते, तर खोटी हजेरी बंद होऊन मुलांना शाळेत बोलावणे भाग पडले असते आणि ती पुन्हा सहा वाजता त्या नाल्यातून निघाली असती. हे दोन्ही मला आज सारखेच शक्य वाटते, आणि नवशिक्षकांना सांगण्यासाठी माझ्याजवळ एवढेच आहे.

आता वाचकांनाच विचारतो. आठ मुलांच्या जिवावर तो धोका पत्करून मी त्या दिवशी खरे बोलायला हवे होते का?